चिठ्ठीवरची वेळ : रुग्णसेवेचा दर्जा आणि डॉक्टरांची दमछाक

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. लातूर इथून साधारण ३५ किलोमीटर, नांदेड शंभराच्या आसपास. बाळंतपणात अडलेली बाई असो, पान लागलेला शेतमजूर असो की छातीत कळ आलेला म्हातारा, दवाखान्यात ऐकू येणारे दोन शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहेत : ‘पुढं न्या.’ पुढं म्हणजे लातूर. अहमदपूरच्या अंगाची माणसं कधी नांदेडचा रस्ता धरतात.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लेकीला आठव्या महिन्यात झटके आले. आमच्या भागातल्या एका छोट्या दवाखान्यानं तिला इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि पुढं पाठवलं. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तिथल्या निवासी डॉक्टर मुलीनं चिठ्ठी वाचली आणि पहिलाच प्रश्न केला, “मॅगसल्फ किती वाजता दिलंय?” चिठ्ठीवर नाव होतं, वय होतं, रक्तदाब होता, इंजेक्शनचं नावही होतं. वेळ नव्हती. पोरीच्या आईला एवढंच आठवत होतं की दिवस मावळला नव्हता. पुढचा डोस लवकर पडला तर श्वास मंदावतो, उशिरा पडला तर झटका परत येतो. त्या डॉक्टर मुलीनं तळहाताच्या कडेनं रुग्णाच्या गुडघ्याखाली हलका ठोका दिला, पाय उडतो का पाहिलं, मग घड्याळ समोर धरून श्वास मोजायला लागली. तिचे डोळे लाल झाले होते. ती आदल्या दिवशी सकाळपासून ड्युटीवर होती, हे आम्हाला वॉर्डातल्या मावशीनं सांगितलं.

लेक वाचली, बाळही वाचलं. पण चिठ्ठीवर वेळ का नव्हती आणि ती डॉक्टर मुलगी दीड दिवस जागी का होती, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात एकत्रच आहेत. अभ्यासाच्या जगात मात्र ते बराच काळ दोन वेगळ्या खात्यांत पडले होते. पहिला रुग्णसेवेच्या दर्जाचा, दुसरा डॉक्टरांच्या प्रकृतीचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही खाती हळूहळू एकमेकांत मिसळू लागली आहेत. हे काम कुठवर आलंय आणि काय बाकी आहे, ते इथं मांडतो.

नांदेडचे ते दोन दिवस

मराठवाड्यात हा विषय घरोघर पोचला तो नांदेडमुळं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसापर्यंत हा आकडा ३१ वर गेला. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या मृत्यूंच्याही बातम्या आल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळव्यात एका दिवसात १८ रुग्ण गेले होते. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर ही तारीख किल्लारीच्या भूकंपाची म्हणून आधीच काळजात रुतलेली आहे. बरोबर तीस वर्षांनी ती पुन्हा बातम्यांत आली.

यावर जी स्पष्टीकरणं पुढं आली, त्यांतच पुढच्या सगळ्या वादाची बीजं आहेत. रुग्णालयाचं म्हणणं असं की बरेचसे रुग्ण शेवटच्या घटकेला इथं आणले गेले, बाळं कमी वजनाची किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेली होती, आणि त्यांतली बरीच खासगी दवाखान्यांतून पाठवलेली होती. ५०० खाटांच्या रुग्णालयात त्या काळात हजाराच्या वर रुग्ण दाखल होते. नांदेड, हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांचा भार या एका इमारतीवर होता. औषधांचा तुटवडा होता की नव्हता, यावर रुग्णालयातली माणसं आणि सरकार यांची विधानं जुळली नाहीत. आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी रिक्त पदांकडं आणि खरेदीच्या घोळाकडं बोट दाखवलं. औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी संस्थेकडं होती, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमणारा कायदा झाला आणि या दोन व्यवस्थांच्या मधल्या काळात वॉर्ड अडकले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. गर्दी जास्त आहे, एवढं कारण सरकारला पुरणार नाही, अशा आशयाची भूमिका न्यायालयानं मांडली.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात घडली. एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. त्यावरून गुन्हा दाखल झाला. मृतांच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून डॉक्टरांवरही गुन्हा दाखल झाला. रुग्णांचं दुःख आणि डॉक्टरांचा अपमान एकाच इमारतीत समोरासमोर आले, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की दुसऱ्याला आपलं ऐकायचंच नाही.

दर्जा म्हणजे नेमकं काय

या शास्त्राची सुरुवात सहसा १९६६ पासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या एव्हेडिस डोनाबेडियन यांनी दर्जा तीन ठिकाणी शोधायला सांगितला : साधनं, कृती आणि फलित. खाटा, डॉक्टर, औषधं ही साधनं. हात धुतले का, रक्तदाब मोजला का, इंजेक्शनची वेळ लिहिली का, ही कृती. माणूस बरा होऊन घरी गेला का, हे फलित. मांडणी सोपी वाटते. पण या तिघांचं नातं सरळ नाही, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं संशोधक मुख्यतः याच गुंत्यात आहेत.

आपल्याकडे आधी भर होता साधनांवर आणि माणसाला इमारतीपर्यंत आणण्यावर. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि दवाखान्यातली बाळंतपणं झपाट्यानं वाढली. पण भरत रणदिवे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नऊ राज्यांचे आकडे तपासले, तेव्हा संस्थात्मक प्रसूतींच्या वाढीचा आणि मातामृत्यूंच्या घटीचा अपेक्षित मेळ त्यांना आढळला नाही. बाई दवाखान्यात पोचली, हे खरं. पुढं तिथं तिला काय मिळालं, हा प्रश्न त्यामुळं मोठा झाला. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं त्याला आकडा दिला. उपचारानं टळू शकले असते अशा २०१६ मधल्या मृत्यूंपैकी भारतात सुमारे १६ लाख मृत्यू निकृष्ट सेवेमुळं, तर ८ लाख ३८ हजार सेवा न मिळाल्यामुळं झाले, असा तो अंदाज होता. हे गणिती अंदाज आहेत, वॉर्डावॉर्डांतून मोजलेले आकडे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही प्रमाण विचार करायला लावणारं आहे.

मग लक्ष वळलं कृतीकडं. जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणासाठी एक तपासणी यादी बनवली. तिचा पहिला प्रयोग कर्नाटकात एका तालुका पातळीच्या प्रसूतिगृहात झाला. २९ आवश्यक गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, यादीनंतर २५ होऊ लागल्या. त्या यशावर उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत मोठी चाचणी झाली. दीड लाखाहून अधिक बाळंतपणं तपासली गेली. २०१७ मध्ये निकाल आला : सिस्टर आणि डॉक्टरांची कामाची पद्धत सुधारली, पण माता आणि बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. या एका निकालानं क्षेत्रात जेवढी चर्चा घडवली तेवढी क्वचितच एखाद्या यशानं घडवली असेल. काहींच्या मते यादी पुरेशी पाळली गेली नाही, आणि प्रशिक्षकाच्या भेटी थांबल्यावर जुन्या सवयी परत आल्या. काहींच्या मते अडचण आणखी पुढं होती : गुंतागुंत ओळखली तरी रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय जवळ नसेल, तर नुसतं ओळखून काय होणार?

त्याच काळात अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. प्रशिक्षित माणसं रुग्ण बनून डॉक्टरांकडं पाठवायची आणि डॉक्टर खरोखर काय विचारतात, काय देतात ते टिपायचं. मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी डॉक्टरांकडं क्षयाची लक्षणं घेऊन गेलेल्या अशा ‘रुग्णां’ना सुमारे ३५ टक्के वेळाच योग्य वागणूक मिळाली, असं २०१८ मध्ये दिसलं. मध्य प्रदेशातला निष्कर्ष अधिक बोचरा होता. तोच सरकारी डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाला अधिक वेळ देत होता आणि अधिक योग्य उपचार करत होता. म्हणजे ज्ञान असूनही ते वापरलं जात नाही. संशोधकांनी हे उत्तरदायित्वाशी आणि पैशाच्या प्रोत्साहनाशी जोडलं. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांचा आक्षेप असा की बाह्यरुग्ण विभागातली पाच मिनिटं मोजून रात्रीच्या वॉर्डाचा न्याय करता येत नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं.

दर्जाचा आणखी एक चेहरा मराठवाड्याला ठाऊक आहे. बीडच्या ऊसतोड महिलांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कमी उपचार जसा घातक, तसा नको असलेला उपचारही.

मृत्यू कुणाच्या खात्यावर

मृत्यूच मोजावेत, असा एक पक्ष आहे. त्याचं म्हणणं साधं आहे : शेवटी नातेवाइकाला तेवढंच कळतं. दुसरा पक्ष म्हणतो, फक्त मृत्यू मोजले तर जो दवाखाना अवघड रुग्णाला हात लावत नाही तो सगळ्यांत उत्तम ठरेल. इथं चाकूरच्या रस्त्याकडं पाहिलं की दुसऱ्या पक्षाचं म्हणणं चटकन पटतं. रुग्ण छोट्या गावातून निघतो, लातूरला किंवा विष्णुपुरीला पोचतो आणि तिथं दगावतो. छोट्या दवाखान्याची वही कोरी राहते. मोठ्या रुग्णालयाच्या वहीत आणखी एक नाव वाढतं. नांदेडची २४ नावं म्हणजे अनेक तालुक्यांच्या वह्यांची एकत्र बेरीज होती, असं म्हणणं वावगं ठरणार नाही. पण त्यामुळं शेवटच्या रुग्णालयात काही चुकलंच नाही, असंही सिद्ध होत नाही. रुग्ण किती गंभीर अवस्थेत आला याचा हिशेब धरून मृत्युदर काढण्याच्या पद्धती आहेत. त्यांना लागते दाखल होतानाची नीट नोंद. आपल्याकडे तीच विरळ आहे.

सरकारनं मधला मार्ग काढला तो गुणांकनाचा. २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आली, २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’, २०१७ च्या अखेरीस प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’. यांनी स्वच्छतागृहं, कचऱ्याचे डबे, हात धुण्याच्या जागा बऱ्याच ठिकाणी खरोखर सुधारल्या. तपासणीच्या आठवड्यात चकाकणारा वॉर्ड महिन्यानंतर कसा असतो, हा प्रश्न मात्र राहतो.

समाजाच्या बाजूनं तपासायचा प्रयत्नही महाराष्ट्रातच आधी रुजला. २००७ पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या पुढाकारानं लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावसमित्या आणि जनसुनवाया झाल्या. बंद उपकेंद्रं उघडली, बाहेरून औषध आणायला लावणं काही ठिकाणी थांबलं. डॉक्टरांची तक्रार अशी की व्यवस्थेचा सगळा दोष त्या दिवशी समोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या माथी येतो, आणि तो बहुधा बंधपत्रावर आलेला पंचविशीतला तरुण असतो.

जागरणाचा हिशेब

निवासी डॉक्टरांनी किती तास काम करावं, यावर भारत सरकारची सूचना १९९२ ची आहे : आठवड्याला ४८ तास, सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या जवळजवळ प्रत्येक संपाच्या निवेदनात तिचा आधार असतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक दिवस सुटी सुचवली आहे. म्हणजे बत्तीस वर्षांनी सुधारणा म्हणून जे मागितलं, ते जुन्या नियमाच्या दीडपट भरतं. या अहवालासाठीच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले होते. त्यांच्यातल्या सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं नोंदवलं. ऑनलाइन पाहणीत ज्याला त्रास होतो तो अधिक उत्तर देतो, हा आक्षेप रास्त आहे. पण आकडा निम्मा केला तरी झोप उडावी असा आहे.

जागरणानं रुग्णाचं नुकसान होतं का? २००४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागात पाहिलं की लांबलचक पाळ्यांत इंटर्न डॉक्टरांकडून ३६ टक्के जास्त गंभीर चुका होतात. त्यामुळं तास कमी करावेत, हे उघड वाटलं. पण नंतर अमेरिकेत शस्त्रक्रिया आणि औषधवैद्यक या विभागांत दोन मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या, त्यांत सैल आणि कडक तासांच्या गटांमध्ये रुग्णांच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठ शल्यविशारदांचं म्हणणंही याच बाजूचं : रुग्णाला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय हात बसत नाही. अर्थात अमेरिकेतल्या दोन्ही गटांना आठवड्याची ८० तासांची मर्यादा होतीच. मराठवाड्यातल्या वॉर्डाशी त्यांची सरळ तुलना करणं धोक्याचं आहे.

या कोड्याचं एक उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. तास कमी केले की पाळ्या वाढतात, आणि पाळ्या वाढल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो. दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांतल्या एका अभ्यासात पाळी बदलताना काय, कोणत्या क्रमानं सांगायचं हे ठरवून दिलं, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. तास बदलले नव्हते. बदलली होती ती सांगण्याची रीत. माझ्या नात्यातल्या लेकीच्या चिठ्ठीवर जी वेळ नव्हती, ती याच जातीची गोष्ट आहे. दवाखाना बदलणं म्हणजे पाळी बदलणंच, फक्त मध्ये ३५ किलोमीटर असतात.

दमछाक कशाची

‘बर्नआउट’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. २०१८ मधल्या एका मोठ्या संकलनात ४७ अभ्यास एकत्र पाहिले गेले. दमलेल्या डॉक्टरांच्या हातून रुग्णाच्या सुरक्षिततेला बाधा येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. मात्र यातल्या अनेक अभ्यासांत चूक डॉक्टरनं स्वतःच सांगितलेली असते. दमलेला माणूस स्वतःला जास्त दोष देत असेल, किंवा चूक झाल्यामुळंच तो खचला असेल. आधी काय आणि नंतर काय, हे सुटलेलं नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात १८२ अभ्यासांत बर्नआउटच्या किमान १४२ व्याख्या सापडल्या, आणि प्रमाण शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंत कुठंही.

काहींना हा शब्दच चुकीचा वाटतो. त्यांच्या मते माणूस कमकुवत नसतो. काय करायला हवं हे समोर दिसतं आणि ते करता येत नाही, त्याची ती जखम असते. व्हेंटिलेटर एक आणि बाळं दोन, अशा रात्री काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मग योगवर्ग आणि समुपदेशनाचा उपयोग किती, यावर मतभेद आहेत. काही प्रमाणात होतो, असं अभ्यास सांगतात. कामाच्या रचनेतले बदल जास्त उपयोगी पडतात, असा कल दिसतो.

मारहाणीचा मुद्दा यालाच जोडून आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरवर जीवघेणा हल्ला झाला आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात एका निवासी डॉक्टर तरुणीचा रुग्णालयातच खून झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानंच कृतिदल नेमलं. या सगळ्यात ज्यांच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं त्या सिस्टर. २००२ मध्ये लिंडा एकेन यांनी दाखवलं की एका परिचारिकेमागं एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि तिची स्वतःची दमछाक २३ टक्क्यांनी. रुग्णाचं आणि सेवा देणाऱ्याचं भलं एकाच आकड्यात दाखवणारा इतका स्पष्ट अभ्यास मला दुसरा माहीत नाही.

जिथं हाती काही लागलं

लातूरला १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी आले आणि विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं. तज्ज्ञ डॉक्टर मराठवाड्यात टिकत नाहीत, या समजुतीला ते रुग्णालय हे जुनं उत्तर आहे. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. तिथले डॉक्टर का टिकले, याचा पद्धतशीर अभ्यास होण्याची गरज आहे, कारण २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानानं ८० टक्क्यांच्या आसपास तज्ज्ञ कमी आहेत. ग्रामीण रुग्णालयातून ‘पुढं न्या’ का ऐकू येतं, याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात आहे.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, आईची खाट नवजात विभागातच लावली. मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. विष्णुपुरीत गेलेली बरीच बाळं याच वजनाची असावीत, हे वाचताना मनात येतंच.

बाकी काय आहे

मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या कामाचे तास आणि त्याच वॉर्डातल्या रुग्णांचं फलित एकत्र ठेवून पाहणारं काम मला हवं आहे. परदेशी आकड्यांवर इथली धोरणं फार काळ रेटता येणार नाहीत. चुकीची नोंद शिक्षेविना कशी करायची, हा दुसरा गुंता. नातेवाइकांना उत्तर मिळायला हवं, आणि गुन्ह्याच्या भीतीनं डॉक्टरनं काही लपवू नये, या दोन्ही मागण्या न्याय्य आहेत आणि एकमेकींना आडव्या येतात.

आणि रस्ता. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती रुग्णाला नेते, त्याची माहिती नेईलच असं नाही. छोट्या गावातून पाठवलेल्याचं पुढं काय झालं, हे पाठवणाऱ्या डॉक्टरला कुणी कळवत नाही. तो शिकणार कशावरून? पाठवण्याची वेळ, दिलेलं औषध, पोचण्याची वेळ आणि निकाल, एवढ्या चार रकान्यांची वही दोन्ही टोकांना ठेवली तर मृत्यू कुणाच्या खात्यावर, या वादातला बराच धुरळा खाली बसेल, असं मला वाटतं. ती वही कोण भरणार, हा प्रश्न मात्र पुन्हा त्याच जागत्या माणसापाशी येतो.

आमची ती चिठ्ठी घरी सोडताना फाइलबरोबर परत आली. पुढच्या बाजूला वेळ नाहीच. मागच्या बाजूला त्या डॉक्टर मुलीनं बॉलपेननं एकाखाली एक लिहिलंय : १०.४०, ११.४०, १२.४०, आणि प्रत्येकीपुढं श्वासांचा आकडा. शेवटची ओळ सकाळी ६.४० ची आहे.